व्यसन सोडताना अनेक उपाय एकत्र घेताय? या चुका टाळा

गोळ्या, समुपदेशन आणि स्वमदत गट (व्यसन सोडणारी माणसं भेटून एकमेकांना आधार देतात तो), तिन्ही सोबत चालू ठेवायला काहीच हरकत नाही. अनेकांचं एकाच उपायाने भागत नाही. गोंधळ होतो तो डॉक्टर, समुपदेशक आणि गटातले सोबती यांना एकमेकांचा पत्ताच नसतो तेव्हा.

पहिली चूक थेट जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणारा माणूस ‘आता गटाच्या मीटिंगला जातोय, डॉक्टर कशाला?’ म्हणतो आणि एका झटक्यात दारू बंद करतो. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट्स येतात. ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागला, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं. म्हणून दारू बंद करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गट त्यासोबत सुरू करता येतो.

‘गोळी घेतोस म्हणजे तू अजून सुटलाच नाहीस’ हे वाक्य गटात कधी ना कधी कानावर पडतं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्यावर विसंबून औषध बंद करू नका. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या स्वतःच्या पुस्तिकेतही सदस्यांनी डॉक्टरकी करू नये असंच सांगितलंय. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल, तर धोका आणखी मोठा. औषध सुटलं की शरीराची तो पदार्थ पेलण्याची सहनशक्ती ओसरते, आणि मग तलफ अनावर होऊन घेतलेला पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो.

औषधांच्या वेळाही पाळाव्या लागतात. अफूजन्य पदार्थ अंगात असताना नालट्रेक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारं औषध, दारूच्या व्यसनावरही देतात) घेतलं तर विथड्रॉवलचा, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा, जबरदस्त त्रास एकदम उसळतो. म्हणून सहसा ७ ते १० दिवसांचं अंतर ठेवतात. डायसल्फिराम म्हणजे दारू प्यायल्यास शरीराला त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी. ती शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी सुरू करतात, आणि बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे दारू चालत नाही. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशही नको. घरच्यांना कळकळीने सांगते, ही डायसल्फिरामची गोळी जेवणात चोरून कधीच मिसळू नका. त्या माणसाला कल्पना नसते, तो नेहमीसारखा पितो, आणि रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकतं. शिवाय विश्वास गमावला की त्याला उपचारांकडे परत आणणं फार कठीण जातं.

आणखी एक चूक चटकन लक्षात येत नाही. समुपदेशक ‘प्रमाण कमी करू’ म्हणतो, गट ‘एक थेंबही नाही’ म्हणतो, आणि माणूस त्या दिवशी सोयीचं वाटेल ते ऐकतो. ध्येय कोणतं हे सगळ्यांसमोर एकदाच ठरवा. माझं मत विचाराल तर, यकृत बिघडलंय किंवा पूर्वी फिट आली आहे अशांनी ‘थोडीशी’च्या वाटेला जाऊच नये.

एक साधा कागद जवळ ठेवा. त्यावर औषधांची नावं आणि डोस, शेवटचं कधी आणि किती घेतलं, तलफ कोणत्या वेळी येते, झोप कशी आहे, उपचार करणाऱ्यांचे फोन नंबर लिहा आणि प्रत्येक ठिकाणी तोच कागद दाखवा. मध्येच पाय घसरला तर गटात सांगाल तेच त्याच दिवशी डॉक्टरांनाही सांगा. पुढची गोळी घ्यायची की थांबायचं, हे त्यावरच ठरतं.