फॉसिलवरून जुना निसर्ग ओळखताय? मग या चुका टाळा

पावसाळा संपून गोदावरीचं पाणी उतरलं की नाशिकच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर दगडाचा फोटो पडतोच, आणि खाली लगेच सुरू, डायनासोरचं हाड आहे, इथे आधी समुद्र होता वगैरे. उत्साह चांगलाच आहे, पण फॉसिल ओळखणं वेगळं आणि त्यावरून तिथलं पाणी, झाडी, हवामान सांगणं वेगळं.

ओळखण्याचं आधी पटकन उरकू. दगडावर फर्नसारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुतेक वेळा भेगेतून झिरपलेल्या पाण्याने जमवलेलं मँगनीज नाहीतर लोखंडाचं ऑक्साइड असतं, भिंगातून बघितलं तर पानाच्या शिरा सापडत नाहीत. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये दिसतात तसे पंख्यासारखे झिओलाइट या खनिजाचे स्फटिक म्हणजेही फूल नव्हे. आणि पांडवलेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरलीय तो थंड झालेला लाव्हा आहे, त्यात हाडं शोधू नका. दोन लाव्हांच्या मधे जी तळी साचली त्यांच्या गाळात मात्र मिळतात, मुंबईत वरळीला अशाच थरात बेडूक मिळालेत, किंवा मग नदीच्या खूप नंतरच्या गाळात.

आता सगळ्यात मोठी चूक, सापडलं तिथेच ते जगलं असं धरणं. समजा उद्या रामकुंडात कुणाला शाळिग्राम मिळाला. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, समुद्रातला प्राणी, नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो आणि हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता हे सांगतो. पण रामकुंडातला शाळिग्राम फक्त एवढंच सांगतो की कुणीतरी देवघरातला आणून विसर्जन केला, नाशिकला समुद्र होता हे नाही! पूर हेच काम हाडांचं करतो. म्हणून आधी बघायचं की हाडाच्या कडा झिजून गोल झाल्यात का, सांधे एकमेकांना लागून आहेत का, शिंपल्याची दोन्ही झाकणं मिटलेली आहेत का. सांधे जुळलेले असतील तर ते फार लांबून आलेलं नाही. परागकणांचं तर विचारूच नका, पाइनचे पराग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे गाळात दोनचार दिसले म्हणून तिथे पाइनचं जंगल उभं करायचं नाही.

दुसरं म्हणजे मोठ्या प्राण्याच्या मागे लागणं. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला 20व्या शतकाच्या सुरुवातीला नदीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, भारी गोष्ट आहे, पण हत्ती जंगलातही राहतो, गवतातही राहतो, नुसत्या हत्तीवरून काय ठरवणार? नर्मदेच्या गाळातला पाणघोडा त्या मानाने कामाचा, त्याला वर्षभर पाणी लागतं. त्याहून कामाच्या बारीक गोगलगायी, उंदरांचे दात, कारण यांच्या गरजा ठरलेल्या असतात. आणि हीच मंडळी लोक धुवून गटारात सोडतात. आजूबाजूची माती पिशवीत भरा, बारीक चाळणीतून घरी काढा.

नांदूर मध्यमेश्वरवरून अजून एक. तिथलं आजचं पाणी आणि पक्षी बघून काहीजण म्हणतात की हत्तीच्या काळीही असंच पाणथळ असणार. अहो, ते पाणथळ 1907 ते 1913 मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यामुळे आहे!

मिळालं नाही म्हणजे नव्हतंच, हीसुद्धा घाई. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असं बरीच वर्षं धरून चालले होते, मग 2005 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. पण उलटी उडी पण मारू नका, त्याच शेणात ताड आणि सूचिपर्णी झाडांचेही कण होते, तेव्हा गवत होतं एवढं पक्कं, मोकळी गवताळ मैदानं होती असं त्यातून निघत नाही.

नदीतल्या गोट्यांच्या ढिगात कोट्यवधी वर्षांचा अकीक, हजारो वर्षांचं हाड आणि मागच्या वर्षीची गोगलगाय शेजारी शेजारी पडलेली असते, त्यांना एकाच निसर्गात कोंबू नका. काठाच्या उभ्या कापात कुठल्या थरात वस्तू होती, वर काय, खाली काय, हे मोजपट्टी ठेवून काढलेल्या फोटोत पाहिजे, आणि हाड असेल तर उकरायच्या आधी जाणकाराला दाखवा.

चुनखडीचे पांढरे गोळे हाड समजून उचलतात आणि हाड नाही कळल्यावर फेकतात. हाडाच्या मोडलेल्या तोंडाला बारीक जाळी दिसते, गोळ्याला दिसत नाही. पण मातीत जागच्या जागी तयार झालेला गोळा कोरड्या, ठरावीक महिनेच पाऊस पडणाऱ्या हवेची खूण असतो आणि त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे कार्बनच्याच हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) तिथे झाडी जास्त होती की गवत याचा अंदाज लॅबमध्ये काढता येतो, त्यामुळे थराची नोंद करून दोनचार ठेवाच. आणि साफ करायला व्हिनेगर अजिबात नको, गोगलगायीचं कवच चुन्याचंच असतं, विरघळून जाईल, मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे.