शिंपले गोळा करायला निघण्याआधी

निघायच्या दिवशी सकाळीच त्या किनाऱ्यावर विषामुळे बंदी आहे का, हे सरकारी सूचनेत पाहा. मागच्या आठवड्याची सूचना धरून चालू नका. बंदी जागेनुसार आणि जातीनुसार बदलते, त्यामुळे शेजारची खाडी खुली असली तरी आपली असेलच असं नाही. जिथे विषाची तपासणीच होत नाही, तिथले शिंपले खाऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाण्याच्या रंगावरून अंदाज बांधू नका. शिंपले पाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातात आणि त्यातलं विष अंगात साठवतात. पाणी नितळ दिसत असतानाही हे घडतं. अशा शिंपल्यांची चव किंवा वास बदलत नाही.

जाती ओळखायला सचित्र पुस्तिका घ्या. प्रत्येक जातीला वेगळी पिशवी ठेवा आणि तिच्यावर ठिकाण, तारीख, वेळ लिहा. ही कटकट वाटेल, पण जात कळणं फार महत्त्वाचं आहे. मसल जातीचे शिंपले विष भराभर साठवतात आणि बहुधा काही आठवड्यांत बाहेरही टाकतात. बटर क्लॅम या जातीत मात्र सॅक्सिटॉक्सिन, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं शैवालातलं विष, दोन वर्षांपर्यंत टिकू शकतं.

बर्फाची पेटी हवीच, पण ती जंतूंची वाढ रोखण्यासाठी. नीट शिजवल्याने जंतू मरतात, हे विष मात्र उकळून, तळून, गोठवून किंवा लिंबू पिळून जात नाही. काही विष शिजवण्याच्या पाण्यात उतरतं, म्हणून संशयास्पद शिंपल्यांचा रस्साही नको. विष ओळखायला चांदीचं नाणं काळं पडतं का, हे पाहण्यात अर्थ नाही. खेकड्याच्या पोटातला गर काढून टाका, विष तिथेच जास्त साठतं.

शिजवण्याआधी प्रत्येक पिशवीतले थोडे शिंपले कच्चेच फ्रीजरमध्ये ठेवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक समोर लिहून ठेवा. ओठ, जीभ, बोटांना मुंग्या येणं हे सॅक्सिटॉक्सिनचं पहिलं लक्षण. ते अनेकदा अर्ध्या ते दोन तासांत दिसतं. त्यावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासावरच रोगी तगतो, म्हणून मुंग्या थांबण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. उलट्या-जुलाबांनंतर गोंधळ किंवा विस्मरण जाणवलं तर डोमोइक आम्लाचा, म्हणजे शैवालातल्याच दुसऱ्या एका विषाचा, संशय घ्या. फ्रीजरमधली पिशवी चिठ्ठीसकट सोबत न्या, आणि त्याच ताटातलं ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा.