सेवा केंद्राच्या संगणकावरून अवरक्त आभाळ कसं तपासावं

आमच्या सिंदेवाही तालुक्यात धानाचा रोवणा सुरू झाला की आभाळ बंद होतं. कित्येक रात्री एक चांदणी दिसत नाही. तरी आकाश तपासण्याचं काम मी सगळ्यात जास्त याच महिन्यांत करते, कारण ज्या दुर्बिणीचे फोटो मी पाहते ती ढगांच्या कितीतरी वर, जमिनीपासून सुमारे ५२५ किलोमीटरवर फिरत होती. तिचं नाव वाइज. नासानं ती डिसेंबर २००९ मध्ये सोडली. आरसा फक्त ४० सेंटिमीटरचा, पण तिनं अख्खं आकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा टिपलं आणि ते सगळे फोटो आज कोणालाही फुकट उघडता येतात.

मी गावात ई-सेवा केंद्र चालवते. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा. संध्याकाळी गर्दी ओसरली की गावातल्या दहावी-बारावीच्या पोरी येऊन बसतात आणि आम्ही आभाळ उघडतो. त्यांना शिकवताना जी रीत बसत गेली तीच इथं लिहिते. शोधायचं काय, तर सूर्याच्या शेजारचे थंड, मंद गोळे, ज्यांना तपकिरी बटू म्हणतात. त्यांचं वजन इतकं कमी असतं की ताऱ्यासारखा हायड्रोजन पेटत नाही. साध्या प्रकाशात ते जवळजवळ दिसतच नाहीत. उष्णतेत दिसतात.

उष्णतेत दिसणं म्हणजे काय हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावायला वेळ लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असतो. रात्री अंगणात बाज टाकली तरी भिंतीकडच्या गालाला धग लागत राहते. ही धग म्हणजेच अवरक्त किरण. ३५-४० अंशांची भिंत सगळ्यात जोरात साधारण ९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या लहरींत चमकते. जमीन, हवा, आपलं अंग, सगळं तसंच चमकत असतं. आता दुर्बीणही कोमट असेल तर ती स्वतःच्याच उजेडात आंधळी होईल. म्हणून ती आधी वातावरणाच्या बाहेर न्यायची आणि मग गारठवायची. वाइजमध्ये त्यासाठी गोठवलेला हायड्रोजन भरला होता. लांब लहरींचे, म्हणजे १२ आणि २२ मायक्रॉनचे तिचे डिटेक्टर ८ केल्विनच्याही खाली, उणे २६५ अंशांपर्यंत थंड ठेवले होते. २०१० च्या शरदात हायड्रोजन संपला आणि ते दोन पट्टे बंद पडले. ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे पट्टे मात्र पुढंही चालू शकत होते. आपलं सगळं काम त्या दोन पट्ट्यांवर आहे.

तिनं अख्खं आभाळ कसं झाकलं, हे संगणक सुरू करण्याआधी डोक्यात बसवा. ते कळलं नाही तर पुढचं पडद्यावरचं काहीच कळत नाही. दुर्बीण पृथ्वीभोवती दिवस-रात्रीच्या सीमेवरून, ध्रुवांकडून ध्रुवांकडे फिरायची आणि तोंड कायम सूर्याला काटकोनात ठेवायची. सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी, म्हणजे आभाळावर एक पूर्ण वर्तुळ. दर ११ सेकंदांनी एक फोटो, प्रत्येक फोटो चंद्राच्या दीडपट रुंद. दुर्बीण सतत फिरत असताना फोटो हलू नये म्हणून आत एक छोटा आरसा उलट्या दिशेनं सरकून चित्र धरून ठेवायचा. पृथ्वी सूर्याभोवती सरकते तसं हे वर्तुळही रोज जवळपास एक अंश सरकतं आणि सहा महिन्यांत सगळं आभाळ झाकून होतं. नागपुरी संत्रं सोलून पाहा: फोडी मधे जाड असतात आणि दोन्ही टोकांना एकत्र येतात. आभाळाच्या या पट्ट्याही तशाच दोन टोकांना भेटतात. त्या टोकांना क्रांतिवृत्ताचे, म्हणजे आभाळातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेचे, ध्रुव म्हणतात. उत्तरेकडचा ध्रुव कालेय तारकासमूहात आहे. मधल्या भागातली एखादी जागा एका खेपेला साधारण डझनभर वेळा टिपली जाते, ध्रुवाजवळची त्याहून कितीतरी जास्त.

एवढ्या मेहनतीचं सगळ्यात मोठं फळ दुसऱ्या खेपेत आहे. एका फोटोत हजारो ठिपके असतात आणि सगळे सारखेच. सहा महिन्यांनी, वर्षानं, दहा वर्षांनी तीच जागा पुन्हा टिपली तर लांबचे तारे जिथल्या तिथं राहतात आणि जवळचा गोळा सरकलेला दिसतो. वाइज फेब्रुवारी २०११ मध्ये झोपवली होती. डिसेंबर २०१३ मध्ये ती पुन्हा जागी केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कायमची बंद केली. तोवर तिनं वीसहून जास्त वेळा आभाळ झाकलं. दुसऱ्या डावात तिचं मुख्य काम पृथ्वीजवळचे लघुग्रह आणि धूमकेतू शोधणं हे होतं. लोणारचं सरोवर पाहिलेल्या विदर्भाच्या माणसाला ते काम कशासाठी, हे सांगावं लागत नाही. मार्च २०२० मध्ये सापडलेला निओवाइज धूमकेतू याच दुर्बिणीचा. तो जुलैत नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, तेव्हा आमच्याकडं नेमके ढग होते.

नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला वाइज वातावरणात शिरून जळाली. हे सांगितलं तेव्हा शेजारच्या आजीनं विचारलं, "काहून वं, आता तेही आपल्याच इकडं पडते का?" तिचं विचारणं बरोबर होतं. २ एप्रिल २०२२ च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून धातूचं मोठं कडं पडलं होतं, चिनी रॉकेटचं असल्याचं अभ्यासकांनी सांगितलेलं. पोरींना मी अशा प्रश्नांची उत्तरं आधी द्यायला लावते. गावाला भीती असेल तर गाव पोरींना संध्याकाळी बसू देत नाही.

आता काम. मोबाइलवर करू नका. ठिपका एक-दोन पिक्सेल सरकतो, तो बोटाएवढ्या चित्रात दिसत नाही. जुना संगणक चालतो, नेट साधं चालतं, पण लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. सोबत एक आडव्या रेघांची वही ठेवा.

पहिल्या दिवशी काहीच शोधू नका. 'अलादिन लाइट' हे संकेतस्थळ उघडा, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या खगोल केंद्राचं. शोधपट्टीत इंग्रजीत एम ४२ टाका, म्हणजे मृगातला तेजोमेघ येईल. आधी साध्या प्रकाशातलं चित्र पाहा, मग चित्रांच्या यादीतून ऑलवाइज, म्हणजे वाइजच्या फोटोंचं चित्र, निवडा. जिथं काळोख होता तिथं धूळ पेटलेली दिसते. मग झीटा ऑफ्युची हा तारा टाका. साध्या चित्रात तो एक निळसर ठिपका आहे. अवरक्तात त्याच्यापुढं धुळीची मोठी कमान दिसते, कारण तारा जोरात धावतोय आणि समोरची धूळ ढकलत तापवतोय. पोरी या एका ताऱ्यावर अर्धा तास काढतात. काढू द्या.

दुसऱ्या दिवशी 'वाइजव्ह्यू' उघडा. दुर्बिणीच्या सगळ्या वर्षांचे फोटो एकामागोमाग लावून ते हलतं चित्र दाखवतं. सुरुवात ज्याचं उत्तर माहीत आहे अशा जागेवरून करा. विषुवांश आणि क्रांती म्हणजे आभाळावरचे रेखांश-अक्षांश. विषुवांशाच्या चौकटीत १३३.७९५ आणि क्रांतीच्या चौकटीत उणे ७.२४५ टाका. आकडे इंग्रजी लिपीत लिहायचे आणि उणे चिन्ह विसरायचं नाही. चित्राची रुंदी २०० विकला ठेवा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). हा वासुकी तारकासमूहातला वाइज ०८५५ नावाचा गोळा, २०१४ मध्ये जाहीर झालेला, आपल्यापासून सुमारे ७.४ प्रकाशवर्षांवर. त्याचं तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास आहे. वर्षाला तो ८ विकलांहून जास्त सरकतो. चित्र सुरू झालं की बाकी सगळे ठिपके जागच्या जागी लुकलुकतात आणि एक लालसर ठिपका त्यांच्यामधून चालत जातो. आमच्याकडं पहिल्यांदा पाहणारी प्रत्येक पोरगी ओरडते, "ताई, हे सरकून राह्यलं!"

रंग नीट पाहायला शिका. थंड बटूच्या हवेत मिथेन असतो आणि तो ३.३ मायक्रॉनच्या आसपासचा उजेड गिळतो. त्यामुळं वाइजच्या ३.४ च्या पहिल्या पट्ट्यात तो बटू मंद आणि ४.६ च्या दुसऱ्या पट्ट्यात ठळक असतो. दोन्ही पट्टे एकत्र लावले की तो शेजारच्या ताऱ्यांपेक्षा नारिंगी दिसतो. वाइज ०८५५ इतकं ढळढळीत काही तुम्हाला सापडणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा. जे नवे सापडतात ते दहा-बारा वर्षांत पिक्सेल-दोन पिक्सेल हलतात. ठिपका चालत नाही, नुसता एका बाजूला कलतो. डोळ्याला ते कळायला काही आठवडे जातात.

तिसरी पायरी, आपला तुकडा. सगळं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं आहे. १० कलांच्या चौकोनांत तोडलं तर साधारण १४ लाख ८५ हजार चौकोन होतात. एका गावाचं ते काम नाही. म्हणून एक चौरस अंश घ्या, त्याचे ३६ चौकोन करा, वहीत सहा बाय सहा घरं आखा आणि ओळीनं जा. आकाशगंगेचा पट्टा टाळा, तिथं ठिपक्यांची इतकी दाटी असते की नवख्याला काही उमगत नाही. चौकोन मनानं निवडायचे नाहीत. "इथं छान दिसतंय" म्हणून उडी मारली की सर्वेक्षण संपलं, मग उरतं ते फिरणं. रिकाम्या घरातही तारीख आणि "पाहिलं, काही नाही" असं लिहा. माझ्या वहीत बहुतेक घरांत तेच लिहिलेलं आहे आणि त्या प्रत्येक घराची मला किंमत वाटते.

फसवणारे ठिपके खूप आहेत, इथं घाई नको. ठळक ताऱ्याभोवती काटे आणि वलयं असतात. दुर्बिणीची पाहण्याची दिशा दर सहा महिन्यांनी उलटते, त्यामुळं ती वलयं आलटून पालटून इकडं-तिकडं होतात आणि हलल्यासारखी वाटतात. खरा गोळा एकाच दिशेनं जातो, मागं येत नाही. लघुग्रह एका फोटोत दिसतो आणि पुढच्या फोटोत गायब होतो, तो आपला नव्हे. दोन ठिपके जवळजवळ असून त्यांतला एक उजळ-मंद होत असेल तरीही सरकल्याचा भास होतो. माझी सगळ्यात भरवशाची कसोटी अशी: दुर्बीण जवळपास तीन वर्षं झोपलेली होती, तेवढा काळ फोटो नाहीत. म्हणून खरा सरकणारा ठिपका २०१० च्या चित्रांवरून २०१४ च्या चित्रावर येताना एक मोठी उडी मारतो आणि पुढं पुन्हा सारख्या छोट्या पावलांनी जातो. उडी नसेल तर मी पुढं जात नाही.

उडी आहे, रंग नारिंगी आहे, दिशा एकच आहे, असं तिन्ही जुळलं तर 'सिम्बाद' या तारकासूचीत त्या जागेभोवती दोन कला त्रिज्येत शोधा. बहुतेक वेळा तिथं आधीच कोणाची तरी नोंद मिळते. मिळाली तर आनंद माना, डोळा तयार झालाय. नसेल तर 'बॅकयार्ड वर्ल्ड्स' या प्रकल्पाकडं कळवायचं. फेब्रुवारी २०१७ पासून झूनिव्हर्स या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर चालू झालेला हा प्रकल्प जगभरच्या साध्या माणसांच्या डोळ्यांवर चालतो. २०२० मध्ये त्यांनी सूर्याच्या शेजारचे ९५ तपकिरी बटू जाहीर केले. २०२४ मध्ये ताशी सुमारे १६ लाख किलोमीटर वेगानं जाणारा एक गोळा जाहीर झाला, तोही अशाच स्वयंसेवकांनी आधी हेरलेला. कळवताना दोन्ही निर्देशांक, वाइजव्ह्यूचा दुवा आणि काय दिसलं त्याची एक ओळ लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, आकडे मोडके चालत नाहीत. दशांशाचा एक अंक चुकला तर समोरचा माणूस भलत्याच ठिकाणी पाहील. म्हणून आमच्याकडं एक पोरगी आकडे वाचते आणि दुसरी तपासते.

वाइज गेली तरी काम थांबत नाही. मार्च २०२५ मध्ये नासानं स्फेरेक्स ही दुर्बीण सोडली. आरसा २० सेंटिमीटरचा, पण ०.७५ ते ५ मायक्रॉनमध्ये ती १०२ रंगांत पाहते आणि दर सहा महिन्यांनी सगळं आभाळ पूर्ण करते. तिच्यात हायड्रोजन भरलेला नाही. एकात एक बसवलेल्या तीन शंकूंसारख्या ढाली सूर्याची आणि पृथ्वीची धग अडवतात, आणि दुर्बीण आपली आपण गार राहते. तिची माहितीही अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या 'इर्सा' या संग्रहातून सगळ्यांसाठी खुली केली जाते. नारिंगी ठिपका मिळाला की त्याच जागेची स्फेरेक्सची माहिती तिथं शोधून पाहा. मिथेन खरंच उजेड गिळतोय का, हे दोन पट्ट्यांपेक्षा १०२ रंगांत स्पष्ट कळतं. वहीत त्यासाठी उजवीकडं एक रकाना आजच मोकळा सोडा.