जुन्या सिनेमातला सिंथेसायझर कानाने ओळखताना

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरला 'जाड', 'उबदार', 'मऊ' म्हणून तो ओळखता येत नाही. ही विशेषणं मूग या बनावटीला लागतात तशीच एआरपी या दुसऱ्या बनावटीलाही लागतात. यंत्र ओळखू येतं ते त्याच्या मर्यादांवरून. एका वेळी किती सूर धरता येत होते, बोटाच्या दाबाला ते दाद देत होतं का, त्याचा फिल्टर (आवाजातल्या काही कंप्रता गाळणारा भाग) किती तीव्र कापत होता आणि त्या साली ते बाजारात होतं का, एवढं तपासत एकेक नाव बाद करत जायचं. शेवटी एखाद-दोन नावं उरतात. तीन उरली तर तीनच सांगावीत.

आधी प्रत नीट निवडा

सिनेमाच्या नावाची तबकडी म्हणजे सिनेमातलंच संगीत, असं गृहीत धरू नका. 'ब्लेड रनर' १९८२चा. त्या साली त्याच्या नावाने निघालेली एलपी मात्र न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने नव्याने वाजवलेली होती. सिनेमाचे संगीतकार वँगेलिस यांचं मूळ ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून आलं ते थेट १९९४मध्ये. त्या एलपीवर सिंथेसायझरचे बारकावे शोधणं म्हणजे फुकटची मेहनत.

डीव्हीडीची अडचण वेगळीच. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ फ्रेमने पळवतात. सुराची उंची दुरुस्त केलेली नसेल तर सगळं सुमारे ४ टक्के जलद आणि जवळपास ०.७ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) चढं ऐकू येतं. अशा प्रतीवरून नक्कल करायला बसलात तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकत राहतो. ब्लू-रेचा ५.१ (सहा चॅनलचा) ट्रॅक मिळाला तर मधला चॅनल बंद करून डावा-उजवा ऐका. संवाद बहुतेक मधल्यातच असतात. तेही नसेल तर सुरुवातीची आणि शेवटची श्रेयनामावली पकडा. कमी बिटरेटचा एमपीथ्री टाळा, कारण त्यात वरच्या कंप्रता उडालेल्या असतात आणि कोरस (आवाज रुंद करणारा परिणाम), रिव्हर्ब (घुमारा) यांच्या खुणा तिथेच असतात. स्टिरिओचं मोनो करू नका.

सालाची चाळणी

मूगचं मॉड्युलर १९६४पासूनचं, ईएमएसचा व्हीसीएस३ १९६९चा, मिनीमूग १९७०चा, एआरपी २६०० १९७१चा आणि ओडिसी १९७२चा. सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल १९७४मध्ये आला. यामाहा सीएस-८० १९७७चा, प्रॉफेट-५ १९७८चा, ओबरहाइम ओबी-एक्स १९७९चा, रोलंड ज्युपिटर-८ १९८१चा, जूनो-६० १९८२चा. इथे ध्वनिमुद्रणाचं साल धरायचं, प्रदर्शनाचं नव्हे.

१९८३ची रेघ ठळक ओढा. त्या साली यामाहाचा डीएक्स७ आला, आणि तो डिजिटल आहे. त्यानंतरच्या सिनेमात काचेसारखा, घंटेसारखा, मरिंबासारखा टणत्कार आला की आधी त्याच्यावर संशय घ्या. 'बेव्हर्ली हिल्स कॉप'मधल्या (१९८४) हॅरॉल्ड फाल्टरमायरच्या 'ॲक्सेल एफ'मध्ये मुख्य धून ज्युपिटर-८ची, बास मूग मॉड्युलरचा आणि मरिंबा डीएक्स७चा आहे. म्हणून 'या गाण्यात कोणता सिंथ आहे' हा प्रश्नच चुकतो. या थरात कोणता आहे, असं विचारा.

१९६४च्या आधीचं जे काही असेल ते आपल्या अर्थाचा सिंथेसायझर नव्हे. 'फॉरबिडन प्लॅनेट'साठी (१९५६) बेबे आणि लुई बॅरन यांनी स्वतः जोडलेली व्हॉल्व्हची सर्किटं वापरली. 'द बर्ड्स'मधला (१९६३) पक्ष्यांचा कोलाहल ऑस्कर साला या संगीतकाराच्या मिक्स्टुर-ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावरचा. आणि मुंबईतल्या 'नागिन'ची (१९५४) पुंगी म्हणजे कल्याणजींनी वाजवलेला क्लॅव्हियोलिन. व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच सूर देणारं ते छोटं कीबोर्ड होतं. नंतरच्या सिनेमातही असं वेगळ्या जातीचं यंत्र भेटतं. तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव यांनी एएनएस हे रशियन यंत्र वापरलं. त्याला पट्ट्याच नाहीत. काळं लेप लावलेल्या काचेवर ओरखडे काढायचे, आणि त्यातून जाणारा प्रकाश ७२० शुद्ध सुरांतले हवे ते सूर उचलतो. ज्यात ना ठोस आघात (सुराची सुरुवात) आहे, ना कुठल्या पट्टीवर बोट पडल्याची खूण, असा सरकत जाणारा सुरांचा ढग ऐकलात तर मूग-एआरपीच्या यादीत शोधत बसू नका.

सूर मोजा, पण टेपला फसू नका

एकसुरी यंत्रात नवा सूर लागताच जुना तुटतो. ओडिसी दोन सूर देतो, पण फिल्टर एकच. प्रॉफेट-५मध्ये पाच सूर वाजत असताना सहावा दाबला की आधीच्यांपैकी एक गचकन जातो. लांब रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) असलेल्या जागी ही चोरी स्वच्छ ऐकू येते, तेव्हा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलते त्या क्षणी जुन्या सुरांची शेपटी ऐका.

एकावर एक मुद्रण करता येणाऱ्या मल्टिट्रॅक टेपने मात्र हे गणित बिघडवलं. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'साठी (१९७१) वेंडी कार्लोसनी पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराचं संगीत एकसुरी मूगवर केलं ते एकेक आवाज स्वतंत्र मुद्रित करून. ऐकताना अख्खा वाद्यवृंद वाटतो. अशा वेळी सुरांची संख्या काहीच सांगत नाही. बघायचं ते हे, की कॉर्डमधल्या प्रत्येक सुराचा आघात काही मिलिसेकंदांनी पुढेमागे आहे का आणि प्रत्येकाचा फिल्टर वेगळा उघडतो का.

तंतुवाद्यांसारखा पसरलेला थर असेल तर दोन चाचण्या पुरतात. मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो आणि तो साधारण ८ सेकंदांत संपतो. घड्याळ लावा, धरलेला सूर १५ सेकंद चालला तर तो मेलोट्रॉन नाही. सोलिनात मात्र वरच्या सुराची कंप्रता निम्मी-निम्मी करत खालची सप्तकं काढतात, त्यामुळे एकाच सुराची दोन सप्तकं एकमेकांशी कधीच बिनसत नाहीत. त्यावर जी डुलकी ऐकू येते ती एन्सेम्बल परिणामाची: एक संथ लाट आणि तिच्यावर एक जलद कंप, सगळ्या सुरांवर सारखीच.

ऑसिलेटर आणि फिल्टर पडद्यावर पाहा

सॉनिक व्हिज्युअलायझर किंवा ऑडॅसिटी, दोन्ही फुकट आहेत. सिनेमाचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा) असतो. स्पेक्ट्रोग्रामची (आवाजातल्या कंप्रतांच्या चित्राची) विंडो ४०९६ नमुन्यांची ठेवली तर दोन रेघांत सुमारे ११.७ हर्ट्झचं अंतर दिसतं. मधल्या सप्तकाला ते पुरेसं आहे. बाससाठी १६३८४ घ्या, मग बारकावा २.९ हर्ट्झपर्यंत येतो. पण एका विंडोत ०.३४ सेकंद मावत असल्याने आघात पुसट होतो. दोन्ही चित्रं काढावीच लागतात.

सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरीत सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतल्या कंप्रता) दिसतात, चौकोनी लहरीत फक्त विषम. पल्सची (असमान चौकोनी लहरीची) रुंदी एक तृतीयांश असेल तर तिसरा, सहावा, नववा गायब. ही रिकामी जागा वर-खाली सरकत असेल तर ते पल्स विड्थ मॉड्युलेशन.

दोन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे भाग) किंचित बिनसलेले असले की तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आल्यावर येतो तसाच हेलकावा येतो. तो मोजा. ४४० हर्ट्झच्या सुरावर सेकंदाला २ हेलकावे म्हणजे सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) फरक. वरच्या सुरांवर हेलकावा जलद झाला तर ते खरेच दोन ऑसिलेटर. प्रत्येक सुरावर गती तीच राहिली तर तो कोरस. जूनो-६०मध्ये एका सुराला एकच ऑसिलेटर आणि तोही डिजिटल घड्याळावर स्थिर, त्यामुळे त्याची सगळी रुंदी कोरसची. सगळ्यांत जास्त चुकीची ओळख इथेच होते.

फिल्टरसाठी सॉटूथचा सूर निवडा. मुळात तो दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरतो. कटऑफच्या (फिल्टर जिथून कापायला लागतो त्या कंप्रतेच्या) वर तोच उतार ३०च्या आसपास गेला तर फिल्टर २४ डेसिबलचा: मूग, प्रॉफेट. १८च्या आसपास असेल तर १२चा: सीएस-८०, जुनी ओबरहाइम. रिव्हर्बने आणि मास्टरिंगने हा आकडा बिघडतो, म्हणून आघाताचा पहिला कोरडा तुकडाच मोजा. कानाची एक खूणही आहे. रेझोनन्स (कटऑफपाशी दिलेला उठाव) वाढवताना खालचा बास पातळ होत गेला तर मूगच्या शिडी-फिल्टरचा अंदाज बळावतो.

सीएस-८०: एक सविस्तर उदाहरण

'ब्लेड रनर'च्या सुरुवातीची पितळी वाद्यांसारखी, फुगत जाणारी धून घ्या. साल १९८२, म्हणजे प्रॉफेट-५, ज्युपिटर-८, ओबी-एक्स, सीएस-८० हे सगळे उमेदवार शर्यतीत आहेत.

पहिला प्रश्न दाबाचा. प्रॉफेट-५, ज्युपिटर-८ आणि ओबी-एक्स यांच्या पट्ट्या बोटाचा जोर ओळखत नाहीत. त्यांवर आवाज फुगवायचा तर पेडल किंवा बटण, आणि मग धरलेले सगळे सूर एकदम फुगतात. सीएस-८०ची प्रत्येक पट्टी स्वतंत्र दाब ओळखते. कॉर्ड स्थिर असताना त्यातला एकच सूर उजळला किंवा एकट्यालाच कंप आला तर बाकी तिघे बाद. फक्त तो सूर नंतर वेगळ्या ट्रॅकवर चढवलेला नाही ना, एवढं त्याच्या आघातावरून बघा.

दुसरा प्रश्न मींडेचा. पोर्टामेंटो (यंत्राची आपोआप मींड) सुरापासून सुरापर्यंत ठरलेल्या गतीने जातो. सीएस-८०वर कीबोर्डच्या वर एक लांब रिबन आहे. बोट जिथे टेकेल तिथे शून्य, आणि तिथून सरकवाल तितका सूर चढतो-उतरतो. त्यामुळे मींडेची गती मधेच बदलते, ती थबकते, परत फिरते. स्पेक्ट्रोग्रामवर ही रेघ हाताने काढल्यासारखी वाकडी दिसते. पोर्टामेंटोची गुळगुळीत दिसते.

तिसरी खूण फारसं कोणी तपासत नाही. सीएस-८०मध्ये फिल्टरच्या नंतर एक शुद्ध साइन लहर मिसळता येते. फिल्टर पूर्ण मिटत आला तरी मूळ सुराची रेघ ठाम राहते आणि वरचे हार्मोनिक तेवढे विझतात. तसंच प्रत्येक सुरामागे दोन स्वतंत्र थर आणि प्रत्येक थराला हायपास (खालचं कापणारा) व लोपास (वरचं कापणारा) असे दोन्ही रेझोनंट फिल्टर, म्हणून आवाज खालूनही कापलेला, काहीसा अनुनासिक लागू शकतो.

प्रतिध्वनी वेगळा काढा. त्या सिनेमातली ती लांबलचक पोकळी लेक्सिकन २२४ या डिजिटल रिव्हर्बची आहे, यंत्राची नव्हे. मानवी आवाजांसारखा थर रोलंड व्हीपी-३३०चा. प्रेमाच्या धूनमधला सॅक्सोफोन तर खराच, डिक मॉरिसीचा.

दिसतं ते वाजतंच असं नाही

'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये (१९७७) पडद्यावर एआरपी २५०० दिसतो आणि तो वाजवणारे फिल डॉड्स खरोखरच एआरपी कंपनीतले अभियंता होते. परग्रहावरच्या महायानाचा जो खर्जातला आवाज सगळ्यांना आठवतो तो मात्र ट्यूबाचा आहे. स्टुडिओतल्या छायाचित्रांचंही तेच. खोलीत ठेवलेलं प्रत्येक यंत्र त्या ट्रॅकवर असतंच असं नाही.

नाव ठरलं की सर्ज एक्सटी किंवा व्हीसीव्ही रॅक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तोच सूर, तोच कटऑफ, तेवढेच हेलकावे बसवा आणि रिव्हर्ब न लावता मूळ तुकड्याशेजारी ठेवून ऐका. आघात जुळला आणि शेपटी जुळली नाही तर फरक बहुधा रिव्हर्बचा. शेपटी जुळली पण आघात मऊ पडला तर एन्व्हलप (सूर कसा उठतो-विरतो ते ठरवणारा भाग) आधी तपासा, यंत्र नंतर बदला. आघातच मुळात वेगळ्या जातीचा लागला तर सालाच्या चाळणीकडे परत जा. नोंद करताना यंत्राच्या नावापुढे 'नक्की', 'बहुधा' किंवा 'शक्य' यांतला एक शब्द आणि तो कोणत्या खुणेवरून लिहिला ते टाका, म्हणजे दुसऱ्याला तीच जागा काढून तपासता येईल.