कार्बनचा पापुद्रा उचला अन् त्यामागचा उजेड मोजा

पोट्टेहो, वेगवान आयनांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन कमी-जास्त झालेल्या अणूंचा, झोत कार्बनच्या पातळ फॉइलमधून सोडायचा अन् मागच्या उजेडावरून उत्तेजित आयन किती वेळ टिकतो ते मोजायचं, असा हा प्रयोग. असा झोत दारव्ह्यात मिळत नाही. त्यासाठी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रासारखी जागा लागते. फॉइल उचलायचा हात मात्र इथं घरीच बसवता येतो, अन् मी एमएस्सीच्या पोरांकडून तो आधी बसवून घेतो.

वारा नसलेल्या खोलीत गंगाळभर पाणी ठेवा. नेलपॉलिशचा एकच थेंब सोडा. तो पसरून रंगीत पापुद्रा होईल. अर्धा मिनिट सुकू द्या. तारेची चौकट थेंबाच्या आधीच पाण्यात बुडवलेली हवी. ती तिरपी धरून खालून सावकाश वर आणा, एक कड आधी टेकू द्या. बाकीचा पापुद्रा मागून आपसूक येतो. वरून चौकट टेकवली की सगळा गोळा होतो. वीसेक वेळा करा, बोटांना कळायला लागतं.

खरी फॉइल अशीच काचेवरून पाण्यावर सोडवून उचलतात, पण ती फार नाजूक. चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोग्रॅम, जाडी सुमारे ५० नॅनोमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, समजा ३० मिलिग्रॅम कार्बनमध्ये ५० बाय ६० सेंटिमीटरचा पापुद्रा होईल!

इतकी पातळ का? १ एमईव्ही, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा निऑन आयन एका नॅनोसेकंदात ३.१ मिलिमीटर धावतो, म्हणजे फॉइल १६ फेम्टोसेकंदांत पार (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग). तेवढ्यात कार्बनच्या अणूंशी धडका होऊन त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, नवे चिकटतात, काही वरच्या ऊर्जापातळीवर चढतात. शेवटची मांडणी फॉइलच्या मागच्या पृष्ठभागातून निघताना ठरते. फॉइल जाड असेल तर आयनाचा वेग जास्त घटतो अन् झोत विखुरतो.

पुढं निर्वात पोकळी. तिथं धडका नाहीत, म्हणून उत्तेजित, म्हणजे ज्याचा इलेक्ट्रॉन वर चढलाय असा, आयन धावता धावता प्रकाश सोडतो. इथं अंतर हेच घड्याळ. फॉइल झोताच्या दिशेनं थोडी थोडी सरकवा, दरवेळी एकाच रंगाचा उजेड मोजा. तो ६.२ मिलिमीटरवर सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर आला, तर त्या पातळीचं सरासरी आयुष्य २ नॅनोसेकंद. वेग मात्र फॉइलनंतरचा घ्या. बरेचजण आधीचा घेतात.

मोठी फसगत वेगळीच आहे. वरच्या पातळ्यांवरचे आयन आपण मोजतोय त्या पातळीवर उतरत राहतात. शेततळ्यातून उपसा चालू असताना वरून पाटाचं पाणी येत राहिलं तर तळं उशिरा आटतं, तसं आयुष्य खऱ्यापेक्षा लांब दिसतं. म्हणून अंतर विरुद्ध उजेड (लॉग मापात) अशा आलेखाचा फॉइलजवळचा भाग अन् लांबची शेपटी दोन्ही मोजा, एकच सरळ रेषा ओढू नका.

झोताखाली फॉइल बदलते, फाटतेही. चार-सहा चौकटी तयार ठेवा, अन् प्रत्येक मोजणी पोहोचलेल्या आयनांच्या संख्येनं भागा.