लिनक्सवर बाह्य हार्ड डिस्कची पूर्ण क्षमता दिसत नसेल तर

फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला होणाऱ्या मराठी नाटकांची चित्रणे मी 3 टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर जपून ठेवतो. तिच्या केसिंगचा यूएसबी सॉकेट सैल झाला म्हणून ती घरातल्याच एका जुन्या केसिंगमध्ये घातली, तेव्हा लिनक्सने तिची क्षमता 801 गिगाबाइट दाखवली आणि एकही फाइल उघडेना. अशा वेळी हात फॉरमॅटकडे वळतो, तो आधी आवरावा. जागा नेमकी कोणत्या थरावर अडली आहे, हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नये.

थर तीन आहेत: कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसणारी डिस्क, त्यावरचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, आणि पार्टिशनच्या आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल ठेवण्याची मांडणी. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा हायफन-बी या पर्यायासह दिली, की डिस्क आणि पार्टिशन यांचे आकार बाइटमध्ये मिळतात. फाइल सिस्टिमचा आकार डीएफ या आज्ञेने पाहता येतो. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून काढावेत. बाइटचा आग्रह अशासाठी, की उत्पादक 1 टेराबाइट म्हणजे 1000 गिगाबाइट धरतात, तर एलएसबीएलके एरवी 1024 च्या पटीत मोजते. त्यामुळे 4 टेराबाइटची डिस्क तिथे 3.6 अशी दिसते. त्यात काहीही हरवलेले नसते.

पहिलाच आकडा कमी असेल, तर दोष बहुधा केसिंगमधल्या चिपचा असतो. जुन्या चिप सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक 32 बिटांत ठेवतात, म्हणजे 512 बाइटचे 4294967296 सेक्टर, सुमारे 2.2 टेराबाइट, एवढीच त्यांची धाव असते आणि त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. माझ्या डिस्कचे मूळ बाइट 3000592982016. त्यातून 2199023255552 वजा केले, की 801569726464 उरतात. हे उत्तर पडद्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळले, तेव्हा चित्रणे शाबूत आहेत याची मला खात्री वाटली. यावर लिनक्समध्ये करण्यासारखा उपाय नाही. डिस्क नव्या केसिंगमध्ये घालावी किंवा डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट जोडावी. तोवर एखाद्या साधनाने पार्टिशन तक्ता, म्हणजे पार्टिशन कुठून कुठवर आहेत याची डिस्कवरची नोंद, दुरुस्त करण्याची परवानगी मागितली, तर ती मुळीच देऊ नये, कारण ते साधन चुकीच्या क्षमतेवर विसंबून तक्ता लिहील.

डिस्क पूर्ण दिसते, पण पार्टिशन 2.2 टेराबाइटच्या पुढे वाढत नाही, असे असेल तर तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे. तिथेही तीच 32 बिटांची मर्यादा आड येते. नवी, रिकामी डिस्क असल्यास जीपार्टेड या पार्टिशन हाताळण्याच्या प्रोग्रॅमच्या डिव्हाइस मेनूतून जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता तयार करावा. त्याने आधीचे सर्व पार्टिशन जातात, म्हणून योग्य डिस्क निवडल्याची खात्री दोनदा करावी. डिस्कवर माहिती असेल, तर प्रथम तिची दुसरी प्रत काढावी आणि मग जीडिस्क हे टर्मिनलमधले साधन वापरावे. ते एमबीआरचे जीपीटीत रूपांतर आधी केवळ मेमरीत करते आणि डब्ल्यू हे अक्षर देऊन होकार दिल्यावरच डिस्कवर लिहिते. काही केसिंग मात्र 4096 बाइटचे सेक्टर दाखवतात, त्यामुळे एमबीआर असूनही मोठी डिस्क पूर्ण चालते. तीच डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घातल्यावर पार्टिशन गायब झाल्यासारखे वाटते. तेव्हा ती मूळ केसिंगमध्येच परत घालून माहिती बाहेर काढावी.

लहान डिस्कची हुबेहूब प्रत मोठ्या डिस्कवर उतरवली असेल, तर उरलेली जागा शेवटी मोकळी पडून राहते. जीपार्टेडमध्ये पार्टिशन अनमाउंट करून, म्हणजे वापरातून सोडवून, वाढवले, की ईएक्सटी4 आणि एनटीएफएस या फाइल सिस्टिमही सोबत वाढतात. एक्सफॅट तशी वाढत नाही. तिच्यासाठी माहिती दुसरीकडे नेऊन नवे फॉरमॅट करणे भाग आहे. हे काम मध्येच थांबले तर फाइल सिस्टिम मोडू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालणारी मोठी डिस्क विजेबरोबरच बंद पडते. लॅपटॉपची बॅटरी तिला वाचवत नाही. म्हणून ती यूपीएसला जोडूनच सुरुवात करावी.

तिन्ही आकडे जुळूनही उपलब्ध जागा कमी दिसत असेल, तर ईएक्सटी4 ने राखून ठेवलेला 5 टक्के भाग तपासावा. 4 टेराबाइटच्या डिस्कवर तो सुमारे 200 गिगाबाइट भरतो. प्रणालीच्या डिस्कला तो उपयोगी आहे, पण केवळ साठवणीच्या डिस्कवर ट्यून2एफएस या आज्ञेला हायफन-एम आणि पुढे 0 देऊन तो मोकळा करता येतो, आणि त्यासाठी फॉरमॅट करावे लागत नाही.