पडवीचं छप्पर आणि एक चौकट: हत्यार उचलण्याआधीची तयारी

शिकायला घ्यायचं पहिलं काम छोटं असावं, पण पुरं असावं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकलेली १० फूट लांब आणि ७ फूट खोल पडवी, तिच्यावर मंगळुरी कौलं, आणि त्याच भिंतीत दरवाजाची एक चौकट. एवढ्यात काटकोन, उतार, सांधा, वजन आणि पाणी या सगळ्यांशी गाठ पडते. चवथ उरकली की आकडेमोड करा, दिवाळीनंतर कामाला हात घाला आणि मेच्या मध्यापर्यंत छप्पर बंद करा. गोव्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पडतो. अर्धवट छप्पर तेव्हा ताडपत्रीने झाकलं तरी लाकूड ओलं व्हायचं ते होतंच.

कागदपत्रांचं आधी बघा. पडवी वाढवायची तर पंचायतीकडे किंवा पालिकेकडे परवानगीची चौकशी करावीच लागते. परसातला फणस कापून लाकूड काढायचा बेत असेल तर तोही आपल्या मर्जीने तोडता येत नाही. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. वखारीतून लाकूड घेताना पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता मोजमाप. उतार दर २ फुटांना १ फूट धरा, म्हणजे साधारण साडेसव्वीस अंश. यापेक्षा चपटं छप्पर केलं तर वाऱ्याबरोबर येणारं पाणी कौलाच्या जोडातून मागे सरकतं. ७ फूट खोलीला साडेतीन फूट चढ येतो: पुढची तुळई ७ फुटांवर असेल तर भिंतीवरची आडवी पाटी साडेदहा फुटांवर. पुढे दीड फूट वळचण सोडली की आडवं अंतर साडेआठ फूट होतं, आणि वाशाची तिरकी लांबी साडेनऊ. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर काढलं तर छपराची रुंदी ११ फूट, क्षेत्र साधारण १०५ चौरस फूट. कौलं चौरस मीटरला १५ च्या हिशेबाने १४६ लागतात. फूट-तूट धरून १६० आणा, आणि एकाच भट्टीची, एकाच छापाची आणा. मंगळुरी कौल १८६०च्या दशकापासून बनतंय, पण आजही दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत.

लाकडाचा हिशेब घनफुटात होतो. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. आठ वासे, प्रत्येकी ४ बाय अडीच इंच आणि १० फूट: ५.५६ घनफूट. रिपा (वाशांवरच्या, कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) २ बाय १, एकूण ११० फूट: १.५३. पुढची तुळई ६ बाय ४, ११ फूट: १.८३. भिंतीवरची पाटी ४ बाय ३, ११ फूट: ०.९२. तीन खांब ४ बाय ४, साडेपाच फूट: १.८३. चौकट ४ बाय अडीच, सगळे तुकडे मिळून २१ फूट: १.४६. बेरीज १३.१३, कापाकापीची तूट धरून १५ घनफूट मागवा. लक्षात ठेवा, वखारीतलं ४ बाय अडीच रंधा मारल्यावर पावणेचार बाय सव्वादोनच उरतं. चौकटीचं माप रंधलेल्या लाकडावरून घ्यायचं, पावतीवरून नाही.

कुठलं लाकूड कुठे, हा प्रश्न खिशावर येऊन थांबतो, तरी थोडं विचारपूर्वक ठरवा. चौकटीला साग उत्तम, फणसही चांगला: हत्याराला सोपा, आणि पिवळा रंग हळूहळू तपकिरी होत जातो. तुळईला ऐन घ्या. गोव्यात त्याला माट्टी म्हणतात. जड आणि दणकट, मात्र वाळताना चिरा पडतात, म्हणून बारीक कामाला नको. माडाचे वासे वापरायचे असतील तर जुन्या माडाचे आणि बुंध्याच्या बाहेरच्या घट्ट भागाचेच. आतला गाभा मऊ असतो आणि खिळा धरत नाही. आंबा फक्त फळ्या बांधून सिमेंट ओतण्यापुरता ठेवा, त्याला भुंगा लवकर लागतो. कुठलंही लाकूड घेताना सालीलगतच्या फिकट भागाकडे पाहा. कीड आधी तिथेच लागते.

नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त बिघाड होतो तो ओलाव्यात, आणि त्यावर कोणी मिनिटभरही घालवत नाही. गोव्याच्या दमट हवेत चौकटीचं लाकूड १२ ते १६ टक्के ओलाव्यावर आलेलं हवं. मीटर असेल तर ठीक, फक्त टोकाला न लावता मध्ये लावा, कारण टोकं आधी वाळतात. मीटर नसेल तर फळीच्या मधून छोटा तुकडा कापा, वजन करा, १०३ अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. २३२ ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर ३२ भागिले २००, म्हणजे १६ टक्के. भागायचं ते वाळल्या वजनाने. तेवढीही सोय नसेल तर एका वाशाचं दर आठवड्याला वजन करून भिंतीवर लिहीत जा, आकडा हलायचा बंद झाला की लाकूड हवेशी जमलं असं समजा.

लाकूड वाळायला रचताना जमिनीपासून दीड फूट वर, मधे एक इंची पट्ट्या, दोन पट्ट्यांत दीड-दोन फूट अंतर, आणि सगळ्या थरांच्या पट्ट्या एकाखाली एक. पट्ट्या मागेपुढे झाल्या तर वासा तसाच वाकून वाळतो, मग रंधा मारून सरळ होत नाही. टोकांना रंगाचा जाड हात द्या म्हणजे तडे कमी पडतात. ऊन थेट नको, वारा हवा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत आटतं, आणि वर्षाच्या कड्यांच्या दिशेने आटणं गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. म्हणून चौकट बसवून पुढे झडप लावाल तेव्हा कामाचा महिना पाहा. एप्रिलमध्ये कोरड्या लाकडाची झडप घट्ट बसवली तर जुलैमध्ये ती खांदा लावून ढकलावी लागते. कोरड्या दिवसांत सगळ्या बाजूंनी ३ मिलिमीटर फट सोडा. भर पावसात बसवायची वेळ आली तर फट त्याहून कमी ठेवा, कारण मार्चमध्ये ती आपोआप वाढणार आहे.

हत्यारं थोडी आणा, पण धारेची. उभी चिरायची एक करवत आणि आडवी कापायची एक, दातांत फरक असतो. लोखंडी रंधा, १२ आणि २० मिलिमीटरची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या (काटकोन तपासायचा), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं), सुतारी पेन्सिल, टेप, ओळंबा, दोरी आणि पाण्याची पारदर्शक नळी. गुण्या आणला त्याच दिवशी तपासा: सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूवरून पुन्हा मारा. दोन रेघा वेगळ्या झाल्या तर गुण्या परत. पटाशीला २५ ते ३० अंशांचा कोन द्या, मागची बाजू सहाणेवर सपाट घासा. पाण्याच्या नळीत बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दिसते, म्हणून एका बाजूने सावकाश भरा.

चौकटीच्या सांध्याचा सराव आधी दोन फुकट तुकड्यांवर करा. उभ्या लाकडाच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, डोक्यावरच्या आडव्या लाकडात त्याची खाच. कुसवाची जाडी लाकडाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ, म्हणजे सव्वादोन इंचांत साधारण पाऊण इंच. आकडा पकडून बसू नका, हातातली पटाशी २० मिलिमीटरची असेल तर कुसूही २० चंच करा, म्हणजे खाच एकसारखी निघते. खाच आधी, कुसू नंतर: खाच मोठी झाली तर दुरुस्त होत नाही, कुसू मात्र थोडं थोडं तासता येतं. सांधा हाताने निम्म्यापर्यंत जावा आणि मोगरीच्या ठोक्याने बसावा. हातानेच पूर्ण गेला तर सैल, हातोडीने घुसवावा लागला तर लाकूड फाटतं. जुळवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर तिरकं सुधारा आणि कोपऱ्यांना आडव्या-तिरक्या पट्ट्या ठोका. त्या पट्ट्या भिंतीचं काम पूर्ण वाळेपर्यंत काढायच्या नाहीत. तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) दोन्ही बाजूंना, भिंतीला लागणाऱ्या बाजूवर डांबराचा हात, आणि तळ थेट ओल्या फरशीवर न टेकवता दगडाच्या तुकड्यावर.

चिऱ्यांचं काम फार नाही, खांबांखालचे तीन चबुतरे दीड फूट उंचीचे. चिरा खाणीनुसार बदलतो, साधारण १४-१५ इंच लांब, ८-९ रुंद आणि ७ उंच. पिवळ्या मातीच्या पोकळ्या असलेले बाजूला काढा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर घट्ट होतो, म्हणून ताजा आणून लगेच वजन टाकण्याची घाई नको. लावण्याआधी भिजवा, कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि जोड भुसभुशीत राहतो. मसाला १ भाग सिमेंटला ६ भाग वाळू, कालवलेला तासाभरात संपेल एवढाच. वाळू ओलसर असेल तर फुगलेली असते, घमेल्याने मोजताना तेवढी जास्त घ्या. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ लोखंड खातं. निदान सात दिवस पाणी मारा.

खांब चबुतऱ्यावर ठेवायचे ते लाकूड जमिनीपासून दूर राहावं म्हणून. जमिनीतली वाळवी मातीच्या नळ्या करून खालून चढते. चबुतऱ्याच्या कडा उघड्या राहिल्या की त्या नळ्या दिसतात आणि खरवडता येतात. खांबाच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत अजून चालते आणि कामही करते, फक्त ते कातडीवर पडलं तर फोड उठतात. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

छपरात सगळ्यात आधी ठरवायचं ते रिपांमधलं अंतर, आणि ते पुस्तकातून घ्यायचं नाही. आणलेल्या कौलांतली १० एका ओळीत जमिनीवर मांडा. एकदा सगळी दाबून जवळ आणा, पहिल्याच्या डोक्यापासून दहाव्याच्या डोक्यापर्यंत मोजा, मग तेवढीच ओढून ताणा आणि पुन्हा मोजा. दोन मापांची सरासरी काढून ९ ने भागा. बहुधा साडेबारा इंचांच्या आसपास येईल. या मापाची लाकडी पट्टी कापून ठेवा आणि प्रत्येक रीप तिच्या आधाराने ठोका, टेपने नाही. टेपने दर रिपेला अर्धी रेघ चुकली तरी वर जाईपर्यंत कौल बसेनासं होतं. सगळ्यात खालची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर पहिली ओळ नाक खाली करून बसते.

वासे सतरा इंचांवर, तुळईवर बसताना खाच वाशाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको. भिंतीवरच्या पाटीला एक्सपान्शन बोल्ट वापरू नका, चिऱ्यात ते सैल होतात. १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट घ्या, दर तीन फुटांवर, आतून मोठ्या वॉशरपट्टीसकट. कौलांचं वजन चौरस मीटरला ३५-४० किलो, भिजल्यावर त्याहून जास्त, आणि हे सगळं ती पाटी धरते. चढवताना दोन्ही बाजूंनी सारखी कौलं मांडत जा, एकाच बाजूला ढीग केला तर खांब तिरके होतात. कडेच्या दोन ओळी तारेने बांधा, वाऱ्याचा जोर तिथेच असतो. भिंत आणि छपराच्या सांध्यावर नुसता सिमेंटचा पट्टा ओढला तर पहिल्याच पावसात तडा जाऊन पाणी भिंतीतून उतरतं. भिंतीत इंचभर खाच मारून तिच्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून बसवा.

खिळे आणि स्क्रू जस्ताच्या मुलाम्याचे, किनाऱ्याजवळ स्टेनलेसचे. ऐनात साधं लोखंड घातलं तर ओल लागताच भोवती काळा डाग पसरतो. सुक्या ऐनात आधी बारीक भोक पाडल्याशिवाय खिळा मारू नका, वाकतो तरी किंवा लाकूड फुटतं तरी.

विजेच्या हत्यारांना ३० मिलीअँपिअरचा वीजगळतीरोधक स्विच असलेलीच जोडणी. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, लोंबती बाही दुमडायची, चष्मा मात्र सतत. शिडी उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढी भिंतीपासून पुढे, तळ कठड्यावर न टेकता सपाट जमिनीवर. उतरत्या छपरावर पाय ठेवायचा तो वाशावर, रिपेवर नाही.